नफ्तालीला कोरडी जागा

नफ्तालीला होडीतून आणलं तेव्हा त्याच्या मानेत गोळी रुतलेली होती आणि डावा खांदा कोयत्यानं पार हाडापर्यंत उघडा केलेला होता. शुक्रवारची सकाळ होती. होडी धक्क्याला लागायच्या आत आशेर गुडघाभर पाण्यात उतरला आणि धाकट्या भावाला दोन्ही हातांवर घेऊन वर आला. कुणाला हात लावू दिला नाही.

मेलेल्या माणसाला आंघोळ घालायची आम्हा यहुद्यांची रीत आहे. पण ज्याला रक्त सांडून मरण आलं त्याला धूत नाहीत. अंगावरच्या कपड्यांसकट, रक्तासकट पुरतात, आणि ज्या मातीवर रक्त पडलं ती मातीसुद्धा उकरून त्याच्याबरोबर ठेवतात. रक्त म्हणजेही माणूसच की. ती माती जोशुआनं सुक्या भोपळ्यात भरून आणली होती. जोशुआ म्हणजे नफ्तालीचा दोस्त, आशेरच्याच सुतारखान्यात रंधा मारणारा, बुटका, तोंडाळ. आज त्याचं तोंड उतरलेलं होतं.

"सगळी नाही मिळाली," तो म्हणाला. "जेवढी लाल दिसली तेवढी खरवडली."

"किती वेळ जिवंत होता?" आशेरनं विचारलं.

"बराच. शिव्या देत होता. मला म्हणाला, बुटक्या, माझ्या जागी तू असतास तर गोळी डोक्यावरून गेली असती."

आशेरला हसू आलं आणि त्याच दमात तो रडायला लागला, धक्क्यावर, सगळ्यांसमोर.

झालं होतं असं. मळ्यांमधून पळालेले गुलाम जंगलात वस्त्या करून राहायचे आणि संधी मिळाली की मळे जाळायचे. त्यांना धरायला आमच्या नदीकाठच्या गावातून बंदूकवाल्यांची टोळी जायची. पुढारी गोरे, आणि बंदुका वाहायला, वाट काढायला, मरायला आम्ही. आमच्या आया त्या पळालेल्यांच्याच बहिणी, ते विसरून आम्ही जायचो. जे केलं ते केलं, आता त्याला रंग कशाला लावा. या खेपेला पुढारी सालोमोन द मत्तोस होता. ओढ्यात तो कमरेपर्यंत चिखलात रुतला आणि दोन्ही काठांवरून गोळ्या सुटल्या. टोळी पळाली. नफ्ताली मागं फिरला, सालोमोनला पाठुंगळी घेतलं आणि ओढा चढत असताना त्याचा खांदा कापला गेला, वर आल्यावर गोळी लागली. सालोमोन आज जिवंत होता तो नफ्तालीच्या पाठीवरून आला म्हणून.

आणि सालोमोन त्याचा सावत्र भाऊ. म्हातारा इशाक द मत्तोस, त्याला मुलगे तीन. सालोमोन लग्नाच्या बायकोचा. आशेर आणि नफ्ताली आकूबाचे. आकूबा त्याच्या ऊसमळ्यातली गुलाम बाई, काळी कुळकुळीत, पाच वर्षांपूर्वी तापानं गेली. म्हाताऱ्यानं त्या दोघांची सुंता केली, कागद करून दोघांना मोकळं केलं आणि नावं ठेवली ती याकोबाच्या दासींच्या मुलांची. बारा कुळांपैकी चार कुळं दासींच्या पोटची, हे पोथीतच आहे. एवढं सगळं केलं, पण मुलगा म्हणून तोंडातून शब्द काढला नाही कधी. ही पोरंही त्याला मालकच म्हणायची.

शुक्रवारी दिवे लागले की म्हातारा सालोमोनच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "देव तुला एफ्राईम आणि मनश्शे यांच्यासारखा करो." आमच्यात प्रत्येक बाप म्हणतो. ही दोघं तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. आशेर ते बघून मूग गिळून बसला. नफ्ताली बसणारा नव्हता. पोरगा मोठा झाला, वाचायला शिकला आणि एका शब्बाथला, शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, आमच्या काळ्या-सावळ्यांच्या मंडळीत, म्हणजे सुतारखान्यातच, उभा राहून म्हणाला, "मला एक सांगा. एफ्राईम आणि मनश्शे यांची आई कोण?"

"आसनथ," कुणीतरी म्हणालं. "योसेफाची बायको. मिसरातली."

"आणि ज्याच्या नावाचा तो देश, तो मिसर कोणाचा मुलगा?"

जोशुआ हळूच म्हणाला, "हामचा. नोहाच्या पोराचा."

"म्हणजे बघा. ज्या हामला शाप लागला आणि आपण काळे त्याचे वंशज म्हणून आपल्याला प्रार्थनाघरात मागच्या बाकावर बसवतात, त्याच हामच्या घरातल्या पोरीची ही पोरं. आणि म्हातारा दर शुक्रवारी आपल्या गोऱ्यागोमट्या लेकासाठी मागतो काय, तर देवा, याला तसला कर. अरे, आम्ही दारात आयते तसले उभे आहोत ना."

त्या दिवशी माणसं पोट धरधरून हसली. आशेरनं भावाच्या पाठीत धपाटा घातला. त्याला त्याचा अभिमान वाटला होता आणि भीतीही वाटली होती.

तर अशा माणसाला आता पुरायचं होतं, आणि तेही सूर्य बुडायच्या आत, कारण शब्बाथ लागला की कुदळ उचलायची नाही.

आमची दफनभूमी वाळूच्या उंचवट्यावर. वर कोरडी, वाऱ्याची जागा, तिथं गोऱ्यांच्या संगमरवरी शिळा. खाली उतारावर दलदल सुरू होते, तिथं एक कोपरा आमच्यासाठी. तिथं हातभर खणलं की पाणी लागतं. त्याहून खोल खणता येत नाही आणि पाऊस झाला की काय काय वर येतं ते मी सांगत नाही. आकूबाला तिथंच पुरलं होतं. पुढच्या पावसाळ्यात आशेरला तिला दुसऱ्यांदा पुरावं लागलं होतं, स्वतःच्या हातानं. नफ्तालीला तो तिथं ठेवणार नव्हता. बाकी काही त्याला नको होतं, मान नको, शिळा नको. कोरडी जागा हवी होती.

तो प्रार्थनाघराचा पंच आरोन लेआल याच्याकडे गेला. लेआल वाईट माणूस नव्हता. नियमाचा माणूस होता, आणि ते कधी कधी जास्त वाईट असतं.

"आशेर, मला का अडचणीत घालतोस? वरची जागा पूर्ण सभासदांची, म्हणजे पुढच्या बाकांवरच्यांची. तुझा भाऊ नव्हता."

"तो पंचांनीच पाठवलेल्या टोळीत मेला."

"मान्य. नियम बंदुकीनं बदलत नाही." लेआलनं दाढी कुरवाळली. "एक वाट आहे. बाप पूर्ण सभासद असेल आणि दहा माणसांसमोर आपल्या तोंडानं म्हणेल, हा माझा मुलगा, तर मुलगा बापाच्या ओळीत. मग मी कोण अडवणारा? कागद नको, शिक्का नको. एक वाक्य बस."

म्हातारा ओसरीवर बसला होता, समोर कसाव्याच्या कंदाची भाकरी तशीच पडलेली. चार वर्षांपासून त्याला दिसत नव्हतं. शेजारी सालोमोन, हात झोळीत बांधलेला.

"मालक," आशेर म्हणाला, "नफ्ताली गेला."

"ऐकलं." म्हाताऱ्याचा आवाज घोगरा होता. तोही रडला असावा. "चांगला पोरगा होता."

"कोणाचा?"

म्हाताऱ्याचा हात भाकरीवर गेला.

"उत्तर देऊ नका," सालोमोन बापाला म्हणाला. मग आशेरकडे वळला. "आज याला मुलगा म्हणायचं, उद्या तुला म्हणायचं, परवा मळ्यातली निम्मी पोरं ओळीनं दारात उभी राहतील. हे बोलले तर मी या घरातून चालता होईन. मेल्यावर यांच्यामागं कद्दिश कोण म्हणणार, ते यांनीच ठरवावं."

कद्दिश म्हणजे बापामागं मुलानं म्हणायची प्रार्थना. ती म्हणायला कुणी नाही या विचारानं आमच्यातले म्हातारे मरणापेक्षा जास्त घाबरतात.

"मी म्हणेन," आशेर म्हणाला. "अकरा महिने. रोज."

"मागच्या बाकावरून," सालोमोन म्हणाला. "देवाला ऐकूही जायचं नाही."

म्हाताऱ्यानं भाकरीचा तुकडा मोडला आणि परत ठेवला. "मी दफनाला येईन," एवढंच म्हणाला. आशेरला तेवढ्यावर आशा वाटली. येडा.

ऊन कलायला लागलं तसे आम्ही निघालो. आमच्या मंडळीतले दहा जण, लेआल, सालोमोन, टोळीतले दोन गोरे शिपाई, आणि म्हातारा खुर्चीत, दोन गुलामांच्या खांद्यावर. खालच्या कोपऱ्यात खड्डा आधीच खणलेला होता, म्हणजे हातभर पाणी होतं म्हणा, चहाच्या रंगाचं, वर पालापाचोळा तरंगणारा.

प्रेताभोवती सात फेरे घालायचे असतात, प्रार्थना म्हणत. पहिला फेरा झाला. दुसऱ्यात जोशुआ मांडीपर्यंत खाली गेला. त्याला ओढायला दोघं वाकले तसा प्रेत ठेवलेल्या फळीचा कोपरा चिखलात खचला आणि नफ्तालीचा हात कापडातून निसटून पाण्यात पडला. वाळलेलं रक्त पाण्यात सुटायला लागलं. जे रक्त आम्ही धुतलं नव्हतं, भोपळ्यात भरून जपून आणलं होतं, ते दलदलीत चाललं होतं.

"बास," आशेर म्हणाला. "मी याला इथं ठेवत नाही."

"सूर्याकडे बघ," लेआल म्हणाला.

"बघतोय. वर न्या याला."

लेआलला घाम फुटला होता. घाबरलेला माणूस पोथीच्या मागं लपतो, तसा तो लपला. "हे मी ठरवलेलं नाही. नोहानं हामच्या वंशाला शाप दिला, भावांच्या दासांचा दास होशील म्हणून. शापितांची जागा आणि आशीर्वादितांची जागा एक कशी होईल?"

"पंच, पोथी मी पण ऐकलीय," आशेर म्हणाला. त्याला भावासारखं बोलता येत नव्हतं, शब्द अडत होते, पण तो बोलत राहिला. "जहाजातून उतरल्यावर देवानं नोहाला आणि त्याच्या मुलांना आशीर्वाद दिला. तिघांना. हाम धरून. शाप देवानं दिला नाही. शाप दिला एका म्हाताऱ्यानं, झिंगून उघडा पडला होता तो उठल्यावर. आणि तोही हामला नाही, त्याच्या एका पोराला, कनानला. आमचे लोक तर दुसऱ्या पोराचे, कूशचे. मग देवानं दिलेलं खरं, का दारू उतरलेल्या म्हाताऱ्यानं दिलेलं?"

आमच्यातला एक जण खुदकन हसला, नको तिथं. खुर्चीतल्या म्हाताऱ्यानं मान वर केली.

"मालक," आशेर त्याच्याकडे वळला. "इथं दहाच्या वर माणसं आहेत. एक वाक्य बोला."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. मी शपथेवर सांगतो, हलले. पण सालोमोन मध्ये आला. ज्याच्या पाठीवरून आपण जिवंत आलो त्याचं तोंड माणसाला बघवत नाही, मेल्यावर तर मुळीच नाही. सालोमोनचं सकाळपासून तेच चाललं होतं.

"त्यानं मला वाचवलं म्हणून एवढा माज का?" तो म्हणाला. "गुलाम बाईच्या पोराला ओझी उचलायची सवय असते. दिसलं ओझं, उचललं. उरका आता." आणि त्यानं बुटाचा पाय फळीला लावून ढकलला.

नफ्ताली घसरला आणि तोंडावर पाण्यात पडला. सगळ्यांनी तो आवाज ऐकला.

आशेरच्या हातात फावडं होतं. त्यानं ते सालोमोनच्या गुडघ्यावर मारलं, पात्याच्या कडेनं, लाकूड फोडतात तसं. सालोमोन ओरडत खड्ड्यात पडला, नफ्तालीच्या बाजूला. आशेर त्याच्या पाठीवर बसला आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं खाली दाबलं.

"मालक," तो म्हणाला, "बोला. बोललात की सोडतो."

एका शिपायानं बंदूक उलटी धरून दस्ता त्याच्या कानावर हाणला. कान फाटून लोंबायला लागला, मान रक्तानं भिजली, पण हात सुटले नाहीत. दुसऱ्यांदा दस्ता उचलला तेव्हा जोशुआनं मांडीभर चिखलातूनच फावडं फिरवलं आणि शिपायाच्या मनगटाचं हाड मोडलं. दुसऱ्या शिपायानं संगीन जोशुआच्या मांडीत खुपसली. आमच्यातल्या तिघांनी त्या शिपायाला चिखलात लोळवलं आणि मारलं, कुठं मारतोय हे न बघता, दात तुटेपर्यंत. वर्षानुवर्षं मागच्या बाकावर बसलेली माणसं ती. लेआल दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता.

"काय चाललंय?" म्हातारा विचारत होता. "कोण आहे पाण्यात?"

"सालोमोन आहे," लेआल ओरडला. "इशाक, काय म्हणायचं ते म्हण लवकर."

म्हातारा खुर्चीतून अर्धा उठला. तोंड उघडलं. आणि सवयीनं, गेली चार वर्षं प्रत्येक गोष्टीत करत होता तसं, त्यानं विचारलं, "सालोमोन, म्हणू का?"

आणि उत्तराची वाट बघत थांबला.

सालोमोनचे पाय पाणी उडवत होते. मग कमी उडवायला लागले. आशेरच्या तळव्यांखाली मानेचे स्नायू ताठ होते ते सैल झाले. खोटं कशाला बोला, त्याला कळलं. हात काढून घ्यायला वेळ होता आणि त्यानं काढले नाहीत. त्याच्या समोर एक वीत अंतरावर नफ्तालीचं डोकं पाण्यात होतं, पालथं, आणि तो तिकडेच बघत होता. त्यानं बरोबर केलं असं मी म्हणणार नाही. मी तिथं होतो आणि मीही त्याला धरलं नाही.

मग सगळं शांत झालं. गुलामांनी म्हाताऱ्याला खाली उतरवलं. तो चाचपडत, गुडघ्यांवर, खड्ड्याशी आला. त्याच्या हाताला आधी नफ्तालीचा चेहरा लागला, थंड, मानेला भोक. मग सालोमोनचा, अजून ऊबदार. त्यानं नाकाशी बोटं धरली. बराच वेळ धरली.

आशेर तिथंच बसला होता. म्हाताऱ्यानं हवेत हात फिरवून त्याची गचांडी पकडली. त्या वयात इतकी ताकद कुठून आली कुणास ठाऊक.

"सगळे ऐका," तो म्हणाला. आवाज चिरका झाला होता. "परक्यानं दिलेला शाप वाऱ्यावर जातो. बापानं दिलेला हाडात शिरतो. म्हणून मी सगळ्यांसमोर सांगतो. हा आशेर. माझ्यापासून आकूबाला झालेला. हा माझा मुलगा आहे. तो मेलेला नफ्ताली माझा मुलगा, आणि ज्याला यानं मारलं तोही माझा मुलगा. माझ्या एका मुलानं दुसऱ्याला मारलं. बाप म्हणून मी याला शाप देतो. याचं नाव पुसलं जावो, याला मूठभर माती न मिळो, याच्यामागं कुणी न रडो."

"आमेन," आशेर म्हणाला.

त्याचा आवाज शांत होता. फाटलेल्या कानातून रक्त गळत होतं. त्यानं लेआलकडे बघितलं. "पंच, किती माणसांनी ऐकलं?"

लेआलनं खरंच माणसं मोजली. नियमाचा माणूस तो. "दहाच्या वर," तो म्हणाला.

"मग खणा वर."

धडधाकट होते ते पळत वर गेले. कोरडी वाळू, कुदळ सपासप जात होती. दात तुटलेला शिपाई चिखलातून उठला होता. त्यानं आशेरचे हात मागं बांधले आणि दोर आपल्या कमरेला गुंडाळला. आशेरनं हूं का चूं केलं नाही. काळ्यानं गोऱ्याला मारलं की गावच्या चौकात काय होतं, हे आमच्यातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. जोशुआची मांडी कुणीतरी सदऱ्यानं आवळत होतं.

सूर्य झाडांना टेकला. लेआल वर बघून म्हणाला, "एकच खड्डा होईल शब्बाथच्या आत. दुसरा रविवारी."

"सालोमोनला ठेवा," म्हातारा म्हणाला. तो वाळूत बसला होता, वर आणलेल्या सालोमोनचं डोकं मांडीवर घेऊन. "लेआल, दोन दिवस या उन्हात माझ्या मुलाला बाहेर ठेवू नका. सालोमोनला ठेवा आधी."

लेआल त्याच्यासमोर उकिडवा बसला. त्यालाही रडू येत होतं. "इशाक, तू आत्ताच सांगितलंस ना, दोघंही तुझे. मग आधी गेला तो आधी. मी काय करू?"

म्हाताऱ्यानं तोंडात मूठ कोंबली.

नफ्तालीला छातीएवढ्या खोल खड्ड्यात उतरवलं, मत्तोसांच्या ओळीत, आजोबांच्या शेजारी. जोशुआनं लंगडत येऊन, काठावर पालथं पडून तळाला हात लावून बघितला आणि कोरडा आहे अशी आशेरकडे बघून मान हलवली.

माती लोटायची वेळ आली. आधी जवळच्यानं तीन फावडी टाकायची असतात. आशेर शिपायाला म्हणाला, "तेवढ्यापुरते हात सोड."

"नाही," शिपाई म्हणाला. त्याच्या तोंडातून अजून रक्त येत होतं.

तेव्हा आशेर काठाशी गेला, दोर पुरेल तितका, आणि अनवाण्या पायानं माती लोटायला लागला. एकदा. दोनदा. तीनदा. माती कोरडी होती, भुरभुर खाली गेली. मग शिपायानं दोर ओढला.